शिसवाच्या पाच झाडांची दोरी

आखातात, दोह्यातल्या आमच्या घरात आतल्या खोलीच्या भिंतीला एक खिळा होता. कॅलेंडरं टांगतात तशा त्याला सुतळीच्या दोऱ्या टांगलेल्या असत, दर वर्षाची एक. सतराव्या वर्षी शाळा संपवून मी तिथे गेले तेव्हा त्या दहा होत्या. अकरावी माझ्या ट्रंकेत होती.

त्या दोऱ्या म्हणजे अम्माची झाडं. तिच्या लग्नात नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मांडवात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की जमीन मुलाची, पण वरच्या बांधावरची शिसवाची पाच झाडं मुलीची. रत्नागिरीकडे आमच्या लोकांत यात नवं काही नाही. जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं, असं सर्रास चालतं. कुणी कागद करत नाही. अम्माचे दागिने लग्नानंतर दोन वर्षांत अब्बांच्या कुठल्याशा धंद्यात गेले. झाडं राहिली, कारण ती पेटीत घालून नेता येत नव्हती.

अब्बांना दोह्यात लाकडाच्या वखारीत कारकुनाची नोकरी लागली आणि ते अम्माला घेऊन गेले. निघताना तिने मामूकडे, म्हणजे तिच्या धाकट्या भावाकडे, एकच गोष्ट मागितली. पाऊस सरला की दर वर्षी पाचही झाडांना छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळायची आणि ती पाठवायची. पहिल्या झाडाचा घेर संपला की गाठ, तिथून पुढे दुसऱ्याचा घेर, पुन्हा गाठ. पाच झाडं, पाच गाठी, एक दोरी. बोटीने येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून, आमसुलांच्या पुडक्याला बांधून ती यायची. अम्मा आमसुलं बाजूला ठेवायची आणि आधी दोरी सोडवायची. मग जुनी आणि नवी शेजारी शेजारी ताणून बोटांनी वाढ मोजायची.

मला त्यांनी मागेच ठेवलं होतं, सिस्टरांच्या बोर्डिंग शाळेत. दोह्यात तेव्हा आमच्या मुलींसाठी शाळा नव्हती आणि अब्बांना इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. सुट्टीत मी मामूकडे जायचे.

चौदा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत गेले तर वरच्या बांधावर आभाळ जास्त दिसत होतं. मी चढून गेले. पाच बुंधे होते, जमिनीपासून हातभर उंचीवर कापलेले. कडेला पांढुरकी कड आणि आत काळसर जांभळं. त्यावर मुंग्या फिरत होत्या. मी त्यांच्याकडे बघत असतानाच मामू काठी टेकत मागून आला.

"काय बघतेस गो? शिसवाखाली भात होत नाय. इतकी वर्षं तुझ्या आईच्या सावलीला माझं भात घातलं मी."

मी काही विचारलं नाही. मी विचारणारी मुलगी नव्हते. शाळेत त्याबद्दल मला चांगल्या वर्तणुकीचं कार्ड मिळायचं.

खाली घराला नवी कौलं होती. मामी सुपात तांदूळ पाखडत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मामूला म्हणाली, "बघून आली वाटतं." मग मला म्हणाली, "नवरा दोह्याला, पंख्याखाली बसलीय. तिला झाडं कशाला हवीत? कंत्राटदार दारात आला, परवाना त्याने काढला, तोडली त्याने. आम्ही नुसती मान हलवली."

"पहिल्या आलेल्यालाच दिली," मामू म्हणाला आणि हसला. "कोण घासाघीस करत बसेल? आपली असती तर केली असती."

दुसऱ्या दिवशी त्याने मला ओटीवर बसवलं. त्याच्याकडे मागच्या वर्षीच्या दोरीची जोडी होती, त्याने स्वतःसाठी ठेवलेली. नवी सुतळी माझ्या मांडीवर टाकली. "हे माप धर. प्रत्येकाला दोन बोटं जास्त दे. तुझी बोटं बारीक, तुझ्या आईसारखी."

"अम्माला..."

"सांगितलंस तर तिकडे ती जेवण सोडेल. मग पाप कुणाला?"

मी माप धरलं. शाळेत प्रथमोपचाराच्या तासाला आम्हाला बँडेजची चपटी गाठ शिकवली होती, जी टोचत नाही आणि सुटतही नाही. मला तेवढी एकच गाठ नीट येत होती. मी तशा पाच मारल्या. मामूने दोरी उजेडात धरून पाहिली. "ही कसली गाठ? नर्सबाईची?" तरी त्याने तीच पाठवली. पुढच्या वर्षी मी आपणहून सुतळी घ्यायला पुढे झाले तर त्याने हात आखडला. "तुझी नको. निराळी दिसते. आपण दोघं पकडले जाऊ." त्यानंतर तो स्वतःच बांधायचा.

दोह्याला बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि मचव्यातून माणसं उतरवायचे. अब्बा धक्क्यावर आले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हमालाला म्हणाले, "यल्ला, चल, मेमसाबची पेटी उचल." घरी अम्मा दाराच्या आत उभी होती. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तो हात ओला होता. मग म्हणाली, "दोरी आणलीस?"

मी ट्रंक उघडून दिली.

दुसऱ्या दिवशी खिळ्यावरची आठवी दोरी मला शोधावी लागली नाही. माझ्या गाठी लांबूनच ओळखू येत होत्या. बाकीच्या दोऱ्यांच्या गाठी गोल, आवळ्याएवढ्या फुगलेल्या. त्या पाच सपाट. अम्मा बाहेर पाण्याचं पिंप भरून घेत होती. टँकरवाल्याशी तिचा आवाज चढला होता. तेवढ्यात मी त्या गाठी सोडून पुन्हा साध्या बांधायला बसले. तीन वर्षांत त्या दगड झाल्या होत्या. नख तुटलं. अम्मा हंडा घेऊन आत आली.

"काय करतेस?"

"धूळ झाडते."

"नको झाडू. तिकडची धूळ आहे ती."

अम्माला परत जायचं होतं. दहा वर्षं ती त्या घरात होती. अंगण, दोन खोल्या, आफ्रिकेतून येणाऱ्या बारीक वाशांचं छप्पर आणि वारा सुटला की ताटात वाळू. ती बाजारात जात नसे. भाजी अब्बा आणत, त्यांना आवडेल ती. वखारीतली दोन माणसं रोज आमच्याकडे जेवत. त्यांच्यासमोर अब्बा तिच्या माशाच्या कालवणाची तारीफ करायचे आणि ती दाराआडून ऐकायची. तिला गावात बांधाजवळ दोन खोल्या हव्या होत्या आणि स्वतःची चूल. हे ती वर्षातून एकदा म्हणायची, दोरी येई तेव्हा.

माझ्यासमोर ती म्हणाली तेव्हा अब्बा हात धूत होते. पंगतीला ती दोघं माणसं होती.

"बांध की," अब्बा म्हणाले. "मी कधी अडवलं? माझा एक आणा मिळणार नाय. पण तू काय गरीब आहेस? तुझी पाच झाडं आहेत. वीक, घर बांध, जा. मी स्वतः बोटीत बसवीन." मग त्या माणसांकडे वळून, "ऐकलंत ना? उद्या म्हणेल नवऱ्याने शब्द फिरवला."

ती माणसं हसली. अम्मा हसली नाही. तिने तो शब्द धरला.

वखारीत लाकूड पारखायला एक म्हातारे गृहस्थ होते, कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठचे. त्यांना सगळे चाचा म्हणत. कुठल्याही ओंडक्यावर ते बोटाच्या पेराने टकटक करत आणि आत पोकळ आहे की भरीव ते सांगत. दर वर्षी ते माल बघायला हिंदुस्थानात जात. त्या वर्षी वखारीच्या मालकाला बैठकीच्या दारांसाठी काळं लाकूड हवं होतं, थोडंच, पण पहिल्या प्रतीचं. अम्माने अब्बांना सांगितलं, चाचांना जेवायला बोलवा. अब्बांनी बोलावलं. त्यांना वाटलं गंमत होईल.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ते आले. सुरमईचं कालवण जेवले, बडीशेप चघळली आणि मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "बोला बहेन."

अम्मा पडद्याआडून बोलत होती. मी तिच्या बाजूला.

"खोड सरळ किती?" चाचांनी विचारलं.

"पहिल्याला दोन माणसं एकावर एक उभी केली तरी फांदी लागायची नाय. दुसरं तसंच. तिसऱ्याला वर जाऊन दोन फाटे."

"फाटा असेल तिथे रेषा छान निघतात, दाराला बरं. खिळे ठोकलेत? कपडे वाळत घालायची तार? आत लोखंड राहिलं की करवत मोडते आणि भाव पडतो."

"तिसऱ्याला बैल बांधायची साखळी होती. नानांनी काढायला लावली होती. मी लहान होते. तो वण आता भरलाय."

"वणवा लागला होता कधी? वीज?"

"नाय."

"आणि चौथं, पाचवं?"

"चौथं खडकावर आहे. ते हळू वाढतं, पण गाभा काळाभोर असेल. नाना म्हणायचे तेच सगळ्यांत महाग जाईल. पाचवं ओढ्याच्या अंगाला, माजोरडं."

चाचा अब्बांकडे बघून म्हणाले, "तुझ्यापेक्षा हिला वखारीत बसव." मग दाराकडे, "झाडं मोजून विकायची नाहीत, बहेन. मापावर विकायची. चांगलं शिसव असेल तर कुणीही पहिला भाव देईल तो घ्यायचा नाही. मी स्वतः जाऊन बघतो. दोऱ्या आहेत म्हणे?"

अम्माने खिळ्यावरून अकराही दोऱ्या काढून माझ्या हाती दिल्या. मी त्या बाहेर नेल्या.

चाचांनी चटईवर त्या एकीशेजारी एक पसरल्या. प्रत्येक झाडाचं माप वेगळं धरून, बोटं टेकवत ते पुढे सरकले. पहिल्या सात दोऱ्यांपर्यंत मान हलवत होते. "बरोबर. हे बोटभर, हे अर्धं. या वर्षी पाऊस कमी होता का? सगळीच थांबलीत. हे चौथं खरंच आळशी." मग ते आठवीपाशी आले. नववी. दहावी. पुन्हा मागे आठवीवर आले. तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि वर पाहिलं, माझ्याकडे नाही, छपराच्या वाशांकडे.

"काय झालं?" अब्बांनी विचारलं.

"इथपर्यंत झाडं आहेत," चाचा म्हणाले. "इथून पुढे माणूस आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी राहून झाडं वाढत नाहीत. इथून पुढे पाचही दर वर्षी दोन दोन बोटं. खडकावरचं दोन, ओढ्यावरचं दोन. शिसवाला एवढी घाई कधीपासून?" त्यांनी दोऱ्या सोडून हात झटकले. "खलास, बहेन. तुमची झाडं कुणाच्या तरी घरात दारं होऊन उभी आहेत. तुमचा भाऊ हुशार आहे, पण त्याला झाडांतलं कळत नाही."

अब्बा हसायला लागले. आधी बारीक, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सुतळी," ते म्हणाले, "बायकोची इस्टेट सुतळीची निघाली. चाचा, किती देता? खाटा विणायला होतील."

चाचाही हसले. त्यांनी हसायला नको होतं. ते आमचं जेवले होते.

पडद्यामागून अम्माचा आवाज आला. तो माझ्यासाठी होता. "तू गेली होतीस ना गो? दर वर्षी सुट्टीला जात होतीस. तू बघितलीस ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चटईच्या कडेला उभी होते. मला इंग्रजीत खोटं बोलणं सोपं जायचं, कारण ती भाषा घरात कुणाच्याही मायेची नव्हती.

"येस," मी म्हणाले.

"काय येस? उभी आहेत?"

"येस."

"केवढी आहेत?" चाचांनी विचारलं. ते माझी परीक्षा घेत नव्हते. त्यांना मजा वाटत होती.

मी दोन्ही हात गोल केले, बोटांना बोटं न लावता. अब्बा पुन्हा हसले. "बघा, मेमसाबने मिठी मारून मोजलीत." चाचा उठले, जोडे घातले. जाताना म्हणाले की त्या बाजूला जाणं झालं तर वाकडी वाट करून बघतील, इन्शाल्ला. त्यांना जायचं नव्हतं हे सगळ्यांना कळलं.

मी दोऱ्या गोळा करून आत नेल्या. अम्मा तिथेच बसली होती. तिने त्या माझ्याकडून घेतल्या, एकेक करून, आणि आठवी हातात आली तेव्हा थांबली. तिच्या अंगठ्याने गाठ चाचपली. मग दुसरी, तिसरी. तिने कोपऱ्यातलं जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडून माझ्याकडे सरकवलं.

"बांध."

"आत्ता?"

"बांध म्हटलं ना."

मी बांधलं. माझ्या हातांना दुसरी गाठ येत नव्हती. साधी गाठ मारायची असं मी मनाशी ठरवलं होतं आणि तरी हात तसेच फिरले. अम्माने आठवी दोरी त्या गाठीशेजारी धरली. दोन्ही सपाट होत्या.

"चौथं कुठल्या बाजूला पडलं?" तिने विचारलं.

"मी नव्हते तेव्हा. नुसते बुंधे होते."

"बुंधा आतून कसा होता?"

"काळा. जांभळट काळा."

"नाना म्हणायचे," ती म्हणाली. एवढंच. मग ती उठली आणि दोऱ्या खिळ्याला परत टांगल्या, होत्या त्याच क्रमाने. मी वाट बघत होते की ती मारेल, किंवा रडेल, किंवा अब्बांना जाऊन सांगेल. तिने भांडी घासायला घेतली आणि मला म्हणाली, त्या माणसांची ताटं तू घास.

चार दिवसांनी तिने मला कागद घ्यायला सांगितलं. तिला कुराण वाचता यायचं, पण मराठी लिहिता येत नव्हतं. इतकी वर्षं शेजारची एक बाई तिची पत्रं लिहायची. आता घरात लिहिणारी होती.

"लिही. भावास सलाम. दोरी पोचली. मुलगी सुखरूप पोचली."

मी लिहिलं. पुढे काय येणार म्हणून माझा हात थांबला होता.

"झाडं छान वाढताहेत हे बघून जीव थंड झाला. इथल्या एका जाणत्या माणसाने दोऱ्या पाहिल्या. तो म्हणाला, अशी झाडं त्याने जन्मात पाहिली नाहीत. लिहिलंस?"

"अम्मा..."

"लिही. फक्त चौथं मागे पडतं, त्याला शेणखत घालत जा. पुढच्या वर्षीही दोरी पाठव. विसरू नको. मला दुसरा आधार नाही."

मला वाटलं, ती त्याला लाज वाटावी म्हणून लिहिते आहे. मी तसं म्हणालेही, हळूच. तिने माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं पाहिलं.

"त्याला लाज असती तर झाडं असती. तो दोरी पाठवेल. दर वर्षी पाऊस सरला की ओटीवर बसून माझ्यासाठी गाठी मारेल. बसू दे." मग म्हणाली, "आणि आली की तू मोजायचीस. मला आता नीट दिसत नाही."

तिला नीट दिसत होतं. सुईत दोरा ती पहिल्या झटक्यात ओवायची.

पुढच्या ऑक्टोबरात बोट आली. आमसुलांच्या पुडक्याला बांधलेली दोरी अम्माने सोडली आणि माझ्या हाती दिली. अब्बा जेवत होते. ते रोजच्यासारखं ओरडून म्हणाले, "वाढली का गो इस्टेट?" हे त्यांनी वर्षभर सोडलं नव्हतं, पाहुणा आला की त्याला भिंत दाखवायचे, सुतळीची बाग म्हणून. अम्मा परत जाण्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही, त्यामुळे त्यांना तो विषय आता नुसता करमणुकीचा राहिला होता.

मी अकरावी दोरी काढली आणि बारावीशेजारी चटईवर ताणली. पहिल्यापासून सुरुवात केली. दोन बोटं. दुसरं, दोन बोटं. तिसरं, दोन. मग चौथ्यापाशी आले आणि पुन्हा एकदा मोजलं.

"किती?" अम्माने विचारलं.

"चार," मी म्हणाले.

"शेणखत घातलं वाटतं," ती म्हणाली. "मोठ्याने सांग. तिकडे ऐकू गेलं नाय."

मी मोठ्याने सांगितलं. अब्बा हसले. अम्माने दोरी खिळ्याला टांगली आणि कागद आणायला सांगितलं.